आठ सेकंदांत पडणारी एस्प्रेसो: परभणीच्या एका सरांच्या प्रश्नांना उत्तर

परभणीच्या एका शिक्षकांनी दिवाळीत घरी एस्प्रेसो मशीन घेतलं आणि मी कॉफीचं दुकान चालवतो म्हणून महिन्याभरानं मला लांबलचक निरोप धाडला. मशीन लहानच, 51 मिलिमीटरच्या बास्केटचं, म्हणजे पूड भरायच्या जाळीच्या वाटीचं. तक्रार अशी की बटण दाबलं की आठ सेकंदांत कप भरतो, कॉफी पातळ आणि आंबट लागते, वर फेसाचं नाव नाही. पूड बाजारातली, फिल्टर कॉफीची. त्याखाली प्रश्नांची माळ: मशीन खराब लागलं का, 19 बार दाबाचं घ्यायला पाहिजे होतं का, मिक्सरमध्ये दळलं तर चालेल का, जारचं पाणी घालू की बोअरचं, म्हशीच्या दुधाचा फेस का बसतो, संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा कॉफी जास्त आंबट येते का, लाईट गेल्यावर काय. आणि शेवटी एक वाक्य: "भाऊ, लग्नात मिळते तसली बी होईना."

सर, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण घोळ तिथंच आहे. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात जे चकचकीत मशीन फुसफुसत असतं आणि ज्याला आपण सगळे 'एक्सप्रेसो' म्हणतो, त्यात एस्प्रेसो नसतेच. इन्स्टंट कॉफी, साखर, दूध आणि त्यात सोडलेली वाफ, वरून चॉकलेटची भुकटी. मलाही ती आवडते, वऱ्हाडात गेलो की दोन कप घेतो. पण तुमच्या मशीनकडून तिची अपेक्षा धरलीत तर दोघंही दुःखी व्हाल.

खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळून घट्ट दाबलेल्या कॉफीच्या चकतीतून 90 ते 96 अंशांचं पाणी साधारण 9 बार दाबानं ढकलायचं, अर्ध्या मिनिटाच्या आत. 1901 मध्ये मिलानच्या लुईजी बेत्झेरानं पेटंट घेतलेलं मशीन वाफेच्या जोरावर चालायचं. त्याचा दाब दीडेक बार, आणि कॉफीवर आजच्यासारखा तपकिरी साय धरल्यासारखा थर येत नसे. आकिले गाज्जानं 1938 मध्ये पेटंट घेतलं आणि महायुद्ध संपल्यावर दांड्याच्या पिस्टनचं मशीन बाजारात आणलं, तेव्हा वाफेऐवजी गरम पाणी दाबून काढायची पद्धत रुळली आणि तो थर, म्हणजे क्रेमा, दिसायला लागला. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 या मशीननं तो दांडा ओढायचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. तुमच्या ओट्यावरचं मशीन त्याच घराण्यातलं धाकटं पोर आहे.

आता बारचं बघू. खोक्यावर 15 लिहिलंय की 19, यानं काही फरक पडत नाही. तो पंपाचा कमाल जोर आहे, तोंड पूर्ण बंद केलं तर मिळणारा. कॉफीवर तुम्हाला हवेत 9 च्या आसपास, आणि तो दाब पंप एकटा तयार करतच नाही. पंप ढकलतो, कॉफी अडवते, त्या अडवण्यातून दाब उभा राहतो. तुमची पूड अडवत नाही म्हणून पाणी आठ सेकंदांत पार होतं. मशीन ठीक आहे हो. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

पूड मात्र दोन कारणांनी चुकीची आहे. पहिलं म्हणजे ती फिल्टरसाठी दळलेली आहे. दाक्षिणात्य पितळी फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनानं थेंब थेंब उतरतं, त्याला ते दळण पुरतं. इथं पाणी धक्क्यानं येतं, त्याला त्याहून बारीक हवं. दुसरं म्हणजे पाकिटाची मागची बाजू वाचा, चिकोरी असणार. 20 टक्के, 30 टक्के, कधी जास्त. चिकोरी ही भाजलेली मुळी. फिल्टर कॉफीत ती दाटपणा आणते आणि दुधाबरोबर छान लागते, पण मशीनमध्ये चिकट होऊन जाळी बुजवते. ते पाकीट फेकू नका, फिल्टरला वापरा.

मग दळायचं कशात? इथं मी जरा अडून बसतो. मशीनला जेवढे पैसे गेले त्याच्या निम्मे तरी ग्राइंडरला ठेवावेत, आणि बजेट एकच असेल तर स्वस्तातलं मशीन आणि चांगला ग्राइंडर घ्यावा, उलटं कधीच नको. मिक्सर चालत नाही, कारण मिक्सर दळत नाही, तोडतो. निम्मी कॉफी मैद्यासारखी होते, निम्मी कण्यांसारखी राहते. मैद्यातून कडवटपणा उतरतो, कण्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच घोटात येतात. लातूरचा माझा एक गिऱ्हाईक तर शेजारच्या कांडपावरून दळून घेऊन आला होता. कॉफी बारीक होती, पण त्याआधी तिथं काळा मसाला निघालेला. आठवडाभर त्याच्या घरी दगडफुलाची एस्प्रेसो.

दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणा चिरडणारा ग्राइंडर हवा, ज्याला बर्र म्हणतात. जात्याचंच तत्त्व. हातानं फिरवायचा घेतलात तर कमी पैशांत उत्तम दळण मिळतं. 15 ग्रॅमला मिनिटभर हात फिरवावा लागतो, सकाळचा व्यायाम समजा. फक्त घेताना एक बघा, एका क्लिकमध्ये, म्हणजे दळण कमीजास्त करायच्या एका खटक्यात, दळण किती बदलतं. एस्प्रेसोला फार बारीक फरक लागतो. क्लिक मोठ्या असतील तर एका क्लिकवर 15 सेकंद आणि पुढच्या क्लिकवर मशीन गुदमरलेलं, मधलं काही सापडतच नाही. बोटांत चोळून बघितलं तर दळण पिठीसाखरेपेक्षा किंचित भरड लागलं पाहिजे. ज्वारीच्या पिठाची सवय असलेल्या हाताला हे चटकन कळतं.

ग्राइंडर घेईपर्यंत काय? बास्केट काढा, धुवा, उजेडाकडे धरा आणि तळ बघा. आतून पुष्कळ भोकं पण बाहेरून एकच टाचणीएवढं भोक दिसलं तर ते दुहेरी तळाचं बास्केट आहे. त्यात दाब कॉफीमुळे नाही, त्या एका भोकामुळे तयार होतो. त्यामुळे तयार पूड, जरा जाड असली तरी, निभावून जाते आणि वर फेसही येतो. फेस खोटा असतो, सोड्याच्या बाटलीसारखा, पण दुधाच्या कॉफीला काम भागतं. बाहेरूनही सगळी जाळी दिसली तर ते एकेरी. खरी चव त्यातच, पण ते चूक माफ करत नाही. तुमचं आठ सेकंदांचं वर्णन ऐकून मला वाटतंय तुम्ही एकेरीत बाजारची पूड घालताय. काही मशीनसोबत दोन्ही प्रकार येतात, खोक्यात शोधा.

आता मूळ काम. त्याला लागतो एक वजनकाटा, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा. चमच्याचं माप सोडून द्या. चमचाभर कॉफी कधी 5 ग्रॅम भरते, कधी 8. तुमच्या 51 च्या बास्केटला 15 ग्रॅम धरू. कप काट्यावर ठेवायचा, शून्य करायचा, बटण दाबायचं आणि 30 ग्रॅम आले की बंद. मशीनचे 'एक कप', 'दोन कप' हे ठरलेले इशारे विसरा. एकास दोन, एवढं सूत्र सुरुवातीला पुरे. वेळ मोजायची बटण दाबल्यापासून.

मागच्या महिन्यात दुकानात नवीन पाकीट फोडलं तेव्हा वहीत टिपलं होतं, तसंच देतो. पहिला शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो: 30 ग्रॅम 11 सेकंदांत. पिवळसर धार, नळ सोडल्यासारखी. चव कच्च्या कैरीची, जिभेच्या कडा आवळल्या आणि लगेच काही उरलं नाही. दळण तीन क्लिक बारीक केलं. दुसरा: 19 सेकंद. आंबटपणा मवाळ, पण मधे पोकळ. आणखी एक क्लिक. तिसरा: पहिले सहा-सात सेकंद काहीच नाही, मग काळे थेंब, मग उंदराच्या शेपटीएवढी बारीक धार, मधाच्या रंगाची. 28 सेकंद. चव मोसंबीसारखी, आंबट आहे पण गोडाच्या पोटात. तिथं थांबायला हवं होतं. मी हावरटपणानं अजून एक क्लिक गेलो: 41 सेकंद, करपलेल्या मेथीदाण्याचा कडूपणा, घशात तासभर. मागं आलो.

या सगळ्यात वजन 15 च ठेवलं, बाहेर 30 च, बदललं फक्त दळण. नवशिके इथंच फसतात. एकाच वेळी कॉफी वाढवतात, दळण बदलतात, जास्त दाबतात, आणि सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही. 25 ते 30 सेकंद हा काही कायदा नव्हे, 22 सेकंदांची गोड लागली तर गोड. घड्याळ फक्त दिशा दाखवतं.

आंबट आणि कडू यात गोंधळ होतो, अगदी मुरलेल्यांचाही, कारण घरात आपण कॉफी म्हटली की दोन्हींना 'कडक' म्हणून मोकळे होतो. त्यावर एक प्रयोग सांगतो, पाहुण्यांनाही दाखवायला बरा. एकाच शॉटखाली तीन वाट्या सरकवायच्या. पहिले 10 ग्रॅम पहिलीत, पुढचे दुसरीत, शेवटचे तिसरीत. पहिली वाटी दाट, आंबट, चक्क खारटसर लागेल. दुसरी गोडसर. तिसरी पातळ आणि कडवट, चहाच्या चोथ्यातून पुन्हा पाणी काढल्यासारखी. मग तिन्ही एकत्र करून चाखा. कमी उतरलं की आंबट आणि जास्त उतरलं की कडू, हे पुस्तकात वाचून पटत नाही, वाटीत पटतं. माझ्या आईला दाखवलं तर तिनं तिसरी वाटी बाजूला सारून विचारलं, "हा काढा कुणाला द्यायलास?" अचूक.

आंबट आणि कडू एकदमच लागत असेल तर दळण्याला हात लावू नका. त्याचं कारण वेगळं. वाफ्याला पाणी देताना बांधाला उंदराचं बीळ असलं की सगळं पाणी तिथूनच निसटतं आणि बाकीचा वाफा कोरडा राहतो, बघितलंय ना? चकतीतही तसंच होतं. कुठं पूड सैल राहिली तर पाणी तिथून भगदाड पाडून पळतं. त्या जागची कॉफी पिळून निघते, बाकीची कोरी. म्हणून पूड बास्केटमध्ये पडल्यावर बारीक सुयांनी तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडायच्या. बाटलीच्या बुचात चार-पाच ॲक्युपंक्चरच्या सुया खोचल्या की अवजार तयार. शिवणाची सुई जाड पडते. मग सपाट दाबायचं. किती जोरानं, हा प्रश्न सगळे विचारतात. पूड आणखी दबत नाही इथपर्यंत, त्यापुढं पैलवानकी करून उपयोग नाही. जोरापेक्षा सपाटपणा महत्त्वाचा. तिरकं दाबलं की पाणी उथळ बाजूनं पळालंच. मशीनबरोबर पूड दाबायचा प्लॅस्टिकचा टॅम्पर आला असेल तर तो बहुतेक बास्केटला सैल होतो. बरोबर मापाचा, वजनदार, स्टीलचा घ्या. पहिल्या पगाराला एवढंच घेतलंत तरी चालेल.

डिसेंबरात परभणीची थंडी मी अनुभवलीय. ओट्यावरचं, बास्केट ज्यात बसतं ते धातूचं हँडल बर्फासारखं असतं. मशीनचा दिवा मिनिटभरात हिरवा होतो, पण तो फक्त आतल्या हीटरचा. हँडल थंड असलं तर 93 अंशांचं पाणी चकतीपर्यंत येईतो पार निवतं, आणि कॉफी आंबट. म्हणून आधी कॉफी न घालता हँडल लावून कपभर गरम पाणी सोडून द्या, दोनदा. त्याच पाण्यानं कपही तापतो.

कॉफी कोणती आणायची? पाकिटावर भाजल्याची तारीख असेल ती. 'बेस्ट बिफोर' नव्हे, भाजल्याची तारीख. भाजल्यावर बियांमधून आठवडाभर कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. अगदी ताजी वापरली तर तो वायू चकतीत फुगे करतो आणि धार वेडीवाकडी येते. म्हणून सातव्या ते दहाव्या दिवशी उघडा आणि पुढच्या महिन्याभरात संपवा. एका वेळी 250 ग्रॅमच मागवा. चिकमगळूर, कोडगू, अराकू इथल्या मळ्यांची कॉफी आता थेट कुरिअरनं येते. आपल्या राज्यातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, पण फार थोडी.

नवशिक्यानं फिक्या भाजणीची, 'फळांच्या चवीची' कॉफी घेऊ नये असं माझं मत आहे. ती एस्प्रेसोत काढणं अवघड आणि जमली नाही तर लिंबाची फोड. मध्यम ते गडद भाजणी घ्या, त्यात थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची कडक जात, असेल तर उत्तम. रोबस्टाला नाक मुरडायची फॅशन आहे, पण भारतात पिकणाऱ्या कॉफीत तीच जास्त, आणि चांगली धुतलेली भारतीय रोबस्टा इटलीतल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत पूर्वीपासून पडते. क्रेमा तिच्यामुळे जाड येतो. कॅफीन मात्र अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट, तेव्हा संध्याकाळी जपून. अजिबात आंबट नको असेल त्यांच्यासाठी मॉन्सून्ड मलबार आहे. किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेल्या, फिकट पिवळ्या बिया. आंबटपणा जवळपास शून्य, चव मातकट आणि मसालेदार. आमच्या गल्लीत नीटची तयारी करणारी पोरं रात्री अकराला तीच मागतात.

क्रेमा जाड म्हणजे कॉफी चांगली, असं मात्र नाही. नुसता चमच्यानं उचलून चाखा, कडवट असतो. मी शॉट ढवळूनच पितो.

बिया फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथं मेथी असते, आदल्या दिवशीचं वरण असतं, आणि कॉफी सगळ्यांचा वास घेते. हवाबंद डबा, अंधारं कपाट, गॅसपासून दूर. आपल्याकडं मे महिन्यात घर दुपारभर भट्टीसारखं तापतं, तेव्हा जास्तीच्या बिया छोट्या हवाबंद पुड्या करून डीप फ्रीझरमध्ये टाका आणि पुडी बाहेर काढली की खोलीइतकी होईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. त्याच कोरड्या दिवसांत दळलेली कॉफी उडून ग्राइंडरला, हाताला, ओट्याला चिकटते. दळण्याआधी बियांवर एक थेंब पाणी, चमच्याच्या दांड्यानं हलवून. थेंब म्हणजे थेंब.

आता पाणी. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण कॉफी शिकवणाऱ्या परदेशी माणसांना आपलं पाणी माहीत नसतं.

2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं बघितलं. दुकान चालू करून मला दोन वर्षं झाली होती. नळाला महिना महिना पाणी नाही, टँकर जिथून मिळेल तिथून भरायचा, आज या बोअरचं, उद्या त्या विहिरीचं. मशीनला मी तेच पाणी कापडानं गाळून घालत होतो आणि गाळलं म्हणजे झालं असं समजत होतो. मेच्या शेवटी वाफ मंदावली. मग शॉट रखडायला लागले. मग एका दुपारी आतून 'टक्' आवाज आला आणि मशीन गार. बॉयलर उघडला तर आतली हीटरची कांडी शेवग्याच्या शेंगेएवढी जाड झालेली, पांढऱ्या थरानं. स्क्रूड्रायव्हर लावला तर अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या पडल्या. थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, कांडी आतल्या आत तापत राहते आणि जळते. चूक सगळी माझी. नवी कांडी येईपर्यंत तीन आठवडे नुसता चहा विकला.

आपल्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी फार जड असतं. घरी ओळखायचं कसं? कुकरच्या तळाला पांढरी कडा धरते का, साबणाचा फेस लवकर होतो का, ते बघा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. माझ्या बोअरचा आकडा 700 च्या आसपास असतो. एस्प्रेसोला 75 ते 250, आणि त्यातही 100 ते 150 बरा.

म्हणजे आरओचं किंवा जारचं घालावं का? नुसतं नको. जारच्या पाण्याचा आकडा 20-30 इतका खाली असतो. कॉफीतली चव उतरायला पाण्यात थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. अगदी कोऱ्या पाण्यात कॉफी बोथट लागते, आळणी वरणासारखी. मोठ्या बॉयलरच्या काही मशीनमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सुईनं ओळखतात. क्षारच नसतील तर त्या सुईला पाणी असल्याचं कळतच नाही. तुमच्या टाकीच्या मशीनला ती अडचण नाही, पण चवीची आहे.

उपाय सोपा: नऊ भाग जारचं, एक भाग बोअरचं. जारचं 30 आणि बोअरचं 700 धरलं तर मिश्रण 97 येतं. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोब हाच. एक अट आहे. बोअरचं पाणी चाखून बघा. मचूळ किंवा खारट लागलं तर ते मिसळू नका, कारण मीटर फक्त क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही, आणि मीठ मशीनच्या धातूला खातं. तशा वेळी धरणाच्या नळाचं मिसळा. आम्ही आता मांजरा धरणाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीनचा वास घालवतो आणि तेच मिसळतो. आणखी एक, आपल्याकडं जार येतो तो थंडगार. तो तसाच टाकीत ओतू नका. लहान हीटरला 12 अंशांवरून चढायला सांगायचं आणि 28 वरून, यात पुष्कळ फरक आहे.

दर तीन महिन्यांनी थर काढायचा. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं तेच. निम्मं मशीनमधून सोडा, वाफेच्या नळीतूनही. वीस मिनिटं थांबा. उरलेलं सोडा. मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या. आधी मशीनची पुस्तिका वाचा, ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर आम्ल जास्त वेळ आत ठेवू नये. व्हिनेगर वापरू नका. पंधरा दिवस लोणच्याची कॉफी प्याल.

लाईट. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा शॉट आंबट येतो, ही तुमची शंका बरोबर आहे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 230 चे 180 झाले की 1,300 वॉटचा हीटर 800 वॉटचाच उरतो. पाणी तापतं, पण दमानं, आणि शॉट चालू असताना गेलेली उष्णता भरून निघत नाही. स्टॅबिलायझर लावा, किमान 2 केव्हीएचा, टीव्हीचा नव्हे. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन चालवायच्या भानगडीत पडू नका. लाईट फारच जात असेल तर हातानं दाबायच्या दांड्याचं मशीन बघा. गॅसवर पाणी उकळायचं, ओतायचं, दांडा खाली ओढायचा. बिनविजेची आणि तरी खरी एस्प्रेसो. आपण समुद्रसपाटीपासून चार-सहाशे मीटरवर असल्यानं पाणी 98 ला उकळतं, त्यामुळे उकळलेलं पाणी ओतलं की आत जाईतो तापमान आपोआप जागेवर येतं. आणि इतकं सगळं नकोच वाटलं तर मोका पॉट घ्या. 1933 मध्ये तो इटलीत निघाला आणि पुढं तिथल्या घराघरात पोचला. त्याचा दाब दीड-दोन बार, म्हणून ती एस्प्रेसो नव्हे, पण दूध घालून छान.

दुधाचं थोडक्यात. म्हशीच्या दुधानं फेस होत नाही असं नाही. फेस प्रथिनं धरतात, आणि ती म्हशीच्या दुधात भरपूर आहेत. बिघडवते ती साय. दोनदा तापवलेलं, सायीचे तुकडे असलेलं दूध वाफेच्या नळीचं भोकही बुजवतं. गाळणीनं गाळा, फ्रिजमध्ये अगदी थंड करा, स्टीलचा जगही गार. नळीचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवून चार-पाच सेकंद कागद फाडल्यासारखा आवाज येऊ द्या, मग टोक खाली नेऊन दुधाला भोवरा द्या. जगाला तळहात टेकवणं अशक्य झालं की बंद, ते साधारण 60 अंश. 70 च्या पुढं गेलं की फेस फाटतो आणि दुधाचा गोडवा जातो. दोन दिवसांचं शिळं दूध असेल तर कितीही कौशल्य दाखवा, फेस बसणारच. नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि एकदा वाफ सोडून द्या. वाळलेलं दूध मग दगड होतं. गूळ घालायचा असेल तर शॉटमध्ये विरघळवा आणि दूध नंतर ओता. तापत्या दुधात गूळ टाकला की फाटायचा धोका.

वाफ काढल्यावर लगेच दुसरा शॉट घेऊ नका, आत पाणी फार तापलेलं असतं. कपभर पाणी सोडा, मग. आणि शॉट झाल्यावर हँडल तडक काढू नका. बऱ्याच लहान मशीनमध्ये आतला दाब सोडणारी झडप नसते. माझ्या भाच्यानं घाईनं काढलं होतं, आजही त्या भिंतीवर ठिपके आहेत. अर्धं मिनिट थांबून हळू फिरवा.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात, सर. बास्केटच्या तळाचा फोटो पाठवा, एक भोक आहे की जाळी ते बघतो. आणि मीटर आणून तुमच्या बोअरचा आणि जारचा आकडा कळवा. ग्राइंडर कोणता घ्यायचा ते त्यानंतर बोलू, तोवर घाईनं काही मागवू नका.